बाजारच्या दिवशीचे लाल ठिपके

१

चैताली कुसाबाईला सोडवायला गेली, तर कुसाबाईच म्हणाली, "मला नका सोडवू, बाई. मीच मारलं पोरीला."

चैताली गांगुर्डेने अर्धी हयात पोलीस खात्यात घालवली होती. साहेबांशी पटेना म्हणून नोकरी सोडली आणि वकिलांसाठी तपास करून द्यायला लागली. "मी काही केलं नाही" म्हणणारे तिने ढिगाने पाहिले होते. गळ्यात फास हौसेने घालून घेणारी ही पहिलीच.

झालं होतं ते असं. हरसूलच्या वरच्या अंगाला डोंगरात एक पाडा आहे. तिथे लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडायला लागले. आधी बुधाबाबा गेला. मग कुसाबाईची नात सृष्टी गेली, शाळेतही न जाणारी, एवढीशी. कुसाबाई हरसूलच्या आठवडी बाजारात भजी तळायची आणि पाड्यावरची माणसं बाजाराला उतरली की तिच्याच गाडीवर खायची. विष त्या भज्यांतच आहे, असं एका मशीनने बुधाबाबा गेला तेव्हाच सांगितलं होतं. सृष्टीही गेल्यावर लोकांनी गाडी जाळली आणि पोलिसांनी कुसाबाईला उचललं.

"मावशी, भज्यांत काय घातलं होतं?"

"बेसन, कांदा, मीठ. बाजारच्या नळाचं पानी. दुसरं काय घालनार?"

"मग कशाला म्हणता मीच मारलं?"

"मशीन म्हनतं ना. त्याला काय माझं वैर हाय?" कुसाबाई भिंतीकडे तोंड करून बसली. "बाजारातून येताना सृष्टीला पुडी आनली व्हती. तिला लय आवडायची."

चैताली बाहेर आली ती धुमसतच. म्हातारी जेवत नव्हती आणि औषध घेत नव्हती. अशीच राहिली तर कोर्टाची तारीख यायच्या आधी ती संपेल, हे सांगायला डॉक्टर नको होता. तिला बाहेर काढायचं तर आधी ती खुनी नाही हे तिलाच पटवायला हवं होतं. आणि ते चैतालीला स्वतःला तरी कुठे ठाऊक होतं?

२

ते मशीन गंगापूर रोडवर होतं. 'एकवट' नावाची संस्था, काचेचे दरवाजे, कुंड्यांमधली झाडं आणि भिंतीवर जिल्ह्याचा भलाथोरला नकाशा झळकवणारा पडदा. संस्थेचा प्रमुख प्रफुल्ल बोलायला लागला की थांबायचं नाव घेत नसे.

"मॅडम, सरकारी दवाखाने, खाजगी डॉक्टर, लॅब, औषधांची दुकानं, गावोगावच्या आशाताई! जो तो आजाऱ्यांची माहिती आपल्या तऱ्हेने लिहिणार. कुणी मोबाइलवर, कुणी कॉम्प्युटरवर. वर ती तऱ्हासुद्धा सारखी बदलणार. हे एकत्र करता करता आमची माणसं मेटाकुटीला यायची. तोवर साथ येऊन माणसं मरून जायची. आता मशीन सगळीकडून माहिती आपसूक ओढतं, एका साच्यात बसवतं आणि नकाशावर ठिपका उठतो. हे बघा हरसूल."

पडद्यावर लाल ठिपके उठले. त्याने तारखा पुढे सरकवल्या, ठिपके विझले. आठवडाभर नकाशा कोरा राहिला. मग पुन्हा झुबका उठला.

"दर वेळी बाजारचा दिवस," प्रफुल्ल म्हणाला. "बाकीच्या दिवशी एक नाही. आता तुम्हीच सांगा."

चैतालीने स्वतः तारखा मागेपुढे सरकवून पाहिल्या. ठिपके तसेच उठले.

मशीन बनवणारी संजना कोपऱ्यात गप्प उभी होती. डोळे तांबारलेले. ती प्रफुल्लसारखी मिरवत नव्हती. चैतालीने तिला बाजूला घेतलं.

"तऱ्हा बदलली की मशीनला कसं कळतं?"

"ते अंदाज करतं. एखादा रकाना सरकला, नवा आला, तर आतला मजकूर बघून हा काय असावा ते ठरवतं. मग त्या भागातल्या आमच्या माणसाला विचारतं, बरोबर आहे का. त्याने 'हो' म्हटलं तरच पुढे जातं."

"आणि न बघताच 'हो' म्हटलं तर?"

संजना चिडली. "मग मशीन विश्वास ठेवतं. आपण नाही का माणसांवर ठेवत?" मग हळू आवाजात म्हणाली, "मलाही झोप नाहीये, मॅडम. त्या मुलीचा फोटो पाहिलाय मी."

हरसूलकडचा माणूस म्हणजे योगेश. गोड पोरगा. हसतमुख, हातात जीपची किल्ली घेऊन तयारच. "ताई, उद्याच बाजार आहे. मी नेतो तुम्हाला. पाडाही दाखवतो." खात्यात असताना चैतालीला आपणहून मदत करणारी माणसं फार आवडत नसत. पण डोंगरातला रस्ता तिला कुठे माहीत होता?

३

हरसूलचा बाजार नेहमीसारखा भरला होता. नागली, सुके बोंबील, कोंबड्या, प्लास्टिकच्या बादल्या. मधेच कुसाबाईच्या गाडीची जळकी लोखंडी चौकट पडून होती. तिला वळसा घालून लोक जात होते आणि तिकडे कुणी बघत नव्हतं.

शेजारच्या गाडीवर वडे निघत होते. तोच नळ, तसंच तेल, तीच धूळ. योगेशने उभ्या उभ्या दोन वडे रिचवले, वर मिरची चावली. "घ्या ना, ताई." चैतालीला त्या जळक्या चौकटीशेजारी घास गिळवेना.

मग जीप चढणीला लागली. पहिल्या वळणावर फोनची रेंज गेली. पाड्यावर पोचेपर्यंत अंग खिळखिळं झालं.

पाडा सुतकातच होता. आशाताई धोंडाबाईच्या घरी ती दोघं टेकली, तशी तिने आधी तांब्या भरून आणला. त्या डोंगरात पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय कुणी शब्द काढत नाही. दिलेलं पाणी नाकारणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर थुंकणं. चैताली घोट घोट करत सगळं प्याली. पाण्याला जरा मातकट वास होता, पण घसा वाळला होता.

योगेशने तांब्या हातात घेऊन कपाळाला लावला आणि खाली ठेवला. "माझा आज निर्जळी उपवास, धोंडामावशी."

दोन वडे खाऊन निर्जळी! चैतालीला हसूच आलं. शहरातली नाजूक पोरं, गावचं पाणी सोसत नाही, दुसरं काय. तिने ते तिथेच सोडून दिलं. पुढे त्याच चुकीसाठी तिने स्वतःला पुष्कळ शिव्या घातल्या.

"धोंडाताई, आजारी कोण कोण पडलं?"

धोंडाबाईने घरं दाखवली. एका झोपडीत खाटेवर हाडांचा सापळा झालेली म्हातारी होती. मागच्या बाजारी हिच्याही नावाचा ठिपका उठला होता.

"ही बाजाराला गेली होती?"

"कुठली जाती, ताई! दोन दिवाळ्या झाल्या, खाट सोडली नाय तिनं."

"कुणी भजी आणून दिली असतील," योगेश पटकन म्हणाला.

"दात कुठं हायेत तिला? पेज पाजतात." धोंडाबाईने पदराने नाक पुसलं. "मी काय म्हनते, ताई, विहिरीच्या वरल्या अंगाला त्ये नवे संडासाचे खड्डे..."

"मावशी, अहो आवरा!" योगेशने घड्याळाकडे बोट केलं. "बाजार उठेल. तुम्हाला उतरायचंय ना? बसा जीपमध्ये."

धोंडाबाई गप्प झाली. मशीनवाल्या संस्थेच्या माणसापुढे ती जरा बिचकूनच असायची. पिशवी घेऊन ती मागे बसली. चैतालीच्या डोक्यात ती दात नसलेली म्हातारी घर करून राहिली होती, त्यामुळे खड्ड्यांचं बोलणं अर्धवटच राहिलं.

खाली बाजाराच्या तोंडाशी जीप आली आणि चैतालीचा फोन टुंगटुंगायला लागला. आईचे चार निरोप होते. 'पोचलीस का?' 'जेवलीस का?' 'उत्तर का देत नाहीस?' चौथा रागाचा. मागे धोंडाबाईचा फोनही कितीतरी वेळ वाजत राहिला.

घटकाभरात प्रफुल्लचा फोन आला. आवाजात विजय मावत नव्हता. "मॅडम, हरसूलला आत्ता नवे ठिपके उठले. बाजारचाच दिवस!"

"अहो, पण कुसाबाई कोठडीत आहे! तिची गाडी जळून गेलीय!"

"तेच तर. म्हणजे ती एकटी नाही. मी पोलिसांना कळवलंय. घरात सून आहे ना तिची?"

सून म्हणजे सृष्टीची आई.

४

दुसऱ्या दिवशी चैतालीला सुनेसाठी धावाधाव करायची होती. त्याऐवजी ती मोरीत ओकत होती. पोट पिळवटून निघालं. संध्याकाळपर्यंत सलाइन लागलं. आई उशाशी बसून तोंडाचा पट्टा चालवत होती.

"काय खाल्लंस तिकडे?"

"काही नाही गं."

"काही नाही कसं? उगाच का माणूस असं पडतं!"

"आई, खरंच. घरून निघाल्यापासून अन्नाचा कण नाही. फक्त पाणी..."

सलाइनची नळी हातात असून ती उठायला बघत होती.

वडे खाऊन निर्जळी. कपाळाला लावून खाली ठेवलेला तांब्या. ज्या बाजारात विष आहे म्हणून यांची संस्था कंठशोष करते, त्याच बाजारात हा बाबा मजेत खातो. आणि जिथलं पाणी कुणी दोषी धरत नाही, त्याचा थेंबही तोंडात घेत नाही. नाजूक पोटाचा माणूस त्या वड्यांनाही शिवला नसता.

"आई, काल मला निरोप कधी पाठवलेस?"

"सकाळपासून! एकाला तरी उत्तर दिलंस?"

"मला ते दुपारी बाजारात मिळाले. सगळे एकदम." चैताली उठून बसली. "पाड्यावर रेंज नाही गं. धोंडाबाई आठवडाभर आजाऱ्यांची नोंद फोनमध्ये करते. रोज एखादा. ती बाजाराला उतरते, तेव्हा आठवड्याच्या नोंदी एकदम जातात. माणसं बाजारच्या दिवशी आजारी पडत नाहीत. त्यांची खबर त्या दिवशी पोचते!"

आईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण लेकीचा चेहरा बघून तिने मुकाट्याने फोन हातात दिला.

चैतालीने पहिला फोन तालुक्याच्या डॉक्टरांना केला. विहीर आजच्या आज बंद करा, टँकर पाठवा, का ते मग सांगते. दुसरा सुनेसाठी वकिलाला. सगळं झाल्यावर ती उशीत तोंड खुपसून रडली. कारण आता एकच गोष्ट उरली होती आणि तिला पोलिसातल्या सगळ्या वर्षांत इतकं वाईट काही दिसलं नव्हतं. तिने तांब्या तोंडाला लावला, तेव्हा योगेश तिच्याकडे बघत होता.

५

अंगात त्राण नसताना ती 'एकवट'मध्ये गेली. बैठकीच्या टेबलावर तिने तीन पेले ठेवले आणि पिशवीतल्या बाटलीतून भरले.

"पाड्यावरच्या विहिरीचं पाणी आहे. तिथल्या बायकांनी तुमच्यासाठी दिलंय. तिथली रीत आहे, पाणी घेतल्याशिवाय बोलायचं नाही."

प्रफुल्लने सवयीने पेला उचलला आणि अर्धा रिकामा केला. "छान. बोला, मॅडम." संजनाने दोन घोट घेतले. तिला काय ते ऐकायची घाई होती.

योगेशचा पेला तसाच राहिला.

"घे ना, योगेश."

"मला तहान नाही, ताई."

"आजही निर्जळी?"

तो हसायला गेला, पण हसू ओठांवर आलंच नाही. प्रफुल्ल दुसरा घोट घ्यायला लागला, तसं योगेशच्या तोंडून निघून गेलं, "सर, नका पिऊ!"

प्रफुल्लने पेला खाली ठेवला.

"का नको?" चैताली म्हणाली. "विष तर बाजारात आहे ना? घाबरू नका, प्रफुल्लसाहेब. पाणी तुमच्याच फिल्टरचं आहे. मला एवढंच बघायचं होतं की विहिरीची भीती इथे कुणाला वाटते."

मग तिने सगळं उलगडून सांगितलं. रेंज, धोंडाबाईचा फोन, दात नसलेली म्हातारी, वडे आणि उपवास. बोलणं संपायच्या आत संजना पडद्याकडे धावली होती. तिने हरसूलचे रकाने उघडले आणि एका तारखेवर बोट ठेवलं.

"आशाताईंच्या मोबाइलमधला फॉर्म मध्यंतरी बदलला होता. आजार कधी सुरू झाला आणि नोंद कधी पोचली, दोन्ही तारखाच. रकान्यांची अदलाबदल झाली होती. मशीनने चुकीची तारीख धरली." तिने मागे वळून पाहिलं. "आणि विचारलंही होतं. योगेश, तू 'हो' म्हणालास."

"रोज पन्नास प्रश्न विचारतं ते!" योगेश एकदम ओरडला. "मी फिरतीवर असायचो, गाडी चालवता चालवता 'हो' दाबायचो. सगळेच दाबतात. ठिपके लवकर का उठत नाहीत म्हणून सरच तर फोन करायचे!"

प्रफुल्ल पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिला.

"दाबलंस ते चुकून," चैताली म्हणाली. "ते मी समजू शकते. पण कळलं कधी तुला?"

तो खाली बसला.

"बुधाबाबा गेल्यावर. धोंडामावशी म्हणाली, रोज एखादा पडतोय, विहिरीला वास येतोय. मी रकाने उघडले, तेव्हा दिसलं. म्हटलं गुपचूप सुधारून टाकू. पण तोवर पोलीस भज्यांच्या गाडीवर जाऊन आले होते, पेपरात सरांचा फोटो आला होता. सगळे वाहवा करत होते. आता चूक सांगितली तर बुधाबाबाचं मरण माझ्या डोक्यावर... वाटलं, साथ आपोआप ओसरेल."

"तेव्हा सृष्टी?"

योगेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अंगणात खेळत होती. मला टाटा केला तिने."

संजनाच्या तोंडून हुंदका फुटला. चैतालीला वाटलं होतं, इथवर आल्यावर राग येईल. पण तिला राग आला नाही, नुसती शिसारी आली. तिने बाहेर गाडीत थांबवून ठेवलेल्या पोलिसांना आत बोलावलं.

६

कुसाबाई सुटली. खरं सांगायचं काम चैतालीवर आलं.

"मावशी, तुमच्या भज्यांनी कुणाला काही झालं नाही. विहिरीचं पाणी खराब होतं, वरच्या संडासाच्या खड्ड्यांमुळे. तुम्ही काही केलेलं नाही."

म्हातारीच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ सैल झाली. किती दिवसांनी तिने मोकळा श्वास घेतला. मग ती हळूच म्हणाली, "पानी?"

"हो."

"पोर रातभर पानी मागत व्हती. आये म्हनायची मला. उलटी झाली की पुन्ना मागायची. मी चमच्या-चमच्यानं पाजत व्हते. विहिरीचंच." तिने आपले हात उलटे-सुलटे करून पाहिले. "म्हंजे मीच की."

चैतालीने ते हात आपल्या हातात घेतले. मशीनने एक खोटा दोष दिला होता, तो तिने काढला. आणि त्याच्या खालचा खरा दुखरा भाग स्वतःच्या हाताने उघडा केला.

पुढच्या बाजारी ती पाड्यावर गेली. टँकर येत होता, नवीन कुणी आजारी नव्हतं. सून घराबाहेर कपडे वाळत घालत होती. कुसाबाई आत चुलीशी बसली होती. चैताली उंबऱ्यापाशी टेकली. म्हातारीने मान वर करून बघितलं, पण जागची उठली नाही. त्या डोंगरातलं हे एकच घर असेल, जिथे पाहुण्यापुढे तांब्या आला नाही.

"सासूबाईंनी पानी द्यायचंच सोडलंय," सून दारातून हळूच म्हणाली. "कुनालाच पानी देत नाय त्या. सोता बी मागून घेत नाय."

चैताली उंबऱ्यातून आत सरकली. मग म्हणाली, "मावशी, चढून आलेय. तहान लागलीय."

"सूनबाई देल."

"तुमच्या हातचं द्या."

कुसाबाई हलली नाही. चुलीतलं लाकूड तिने उगाचच मागेपुढे केलं. चैतालीही उठली नाही. अखेर म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. उकळून गार केलेल्या पाण्यातून तिने तांब्या भरला. आणताना निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. तांब्या पुढे करून तिने मान फिरवली.

तो मातकट वास चैतालीला अजून विसरता आला नव्हता. तिने दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

कुसाबाई तिच्या गळ्याकडे बघत होती. घोट खाली उतरताना बघत होती.

चैतालीने रिकामा तांब्या तिच्यापुढे धरला.

"आणखी द्या, मावशी."